रेघ

केसपेपरवर पहिल्या दिवशी मीच लिहिलं होतं:
'मांड्या, ओटीपोट, तोंडाभोवती फोड. भाजल्याच्या खुणा?'
प्रश्नचिन्ह जरा गडद काढलं होतं.

कारण तिनंच सांगितलेलं: हुपरीची, घरी चांदीकाम,
पैंजणाच्या कड्या जोडते, गॅसची बारीक ज्योत,
पोरगं मांडीशीच खेळत असतं.
सीपीआरच्या ओपीडीत त्रेपन्नावा नंबर.
मला एवढं पुरलं.

सन्मती. वय चार.
सदऱ्याची बटणं त्याची तोच काढत होता.
कापड चिकटलं की थांबायचा,
फुंकर मारायचा, मग पुढचं बटण.

शेजारीण म्हणाली होती नागीण, गेरू लावला.
गल्लीतले डॉक्टर म्हणाले इसब, मग खरूज.
कडुलिंबाच्या पाल्यावर निजवून झालं नऊ दिवस.
इचलकरंजीत अँटिबायोटिक, दोनदा.
आणि मग मी, सगळ्यांत जास्त शिकलेली,
मी म्हटलं आईनं भाजलं असेल.
म्हटलं नाही. लिहिलं.

समाजसेविका तिला बाजूला घेऊन गेल्या.
परतली तेव्हा डोळे कोरडे.
पोराची मांडी माझ्यापुढं धरून त्रिशला म्हणाली,
"बाई, चटका मला ठावं हाय. ह्ये बघा माझं हात.
चटका एकदाच बसतोय, बसला तिथंच ऱ्हातोय.
ह्यो वाढतोय की वो!
जुना फोड मधी वाळतोय,
कडंनं नवं बसत्यात, एकाला एक लागून,
आमी घुंगरं बसवतो तसं."

मी खाली वाकले.
पुस्तकात एक ओळ होती, परीक्षेपुरती पाठ केलेली,
मोत्यांच्या माळेसारखी मांडणी.
मोती मी कधी ओवले नव्हते.

पहिला तुकडा सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये गेला.
त्यात आकार टिकतो, उजेड टिकत नाही.
दुसऱ्या द्रावणाची कुपी मिरजेहून मागवली,
आणि दुसरा तुकडा फोडाच्या शेजारचा,
चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, तांदळाएवढा.
चांगल्या जागी का टोचता, म्हणून तो रडला.
बरोबरच होतं त्याचं.

आठ दिवसांनी पुण्याहून फोटो आला.
काळ्यावर एक हिरवी रेघ,
कातडीच्या दोन थरांमधून गेलेली,
केसाएवढी, कुठंही न तुटलेली.

तिला समजेल असं काय सांगायचं?
म्हटलं, वरची कातडी नि खालची, मधे डाख असतो.
ह्याच्याच रक्तातले राखणदार
त्या डाखाला परका समजून बसलेत.
ती म्हणाली, "म्हंजे वळख चुकली म्हना."
हो, म्हटलं. ओळख चुकली.
फाईलची नाडी मी उगीचच पुन्हा बांधली.

रक्त तपासलं, मग गोळी सुरू केली, अर्धी अर्धी.
औषधाच्या दुकानात कुणीतरी तिला सांगितलं,
ही तर शेंडा पार्कातली, महारोगाची.
ती तशीच उन्हात परत आली, पाकीट मुठीत.
तिला बसवलं. पाणी दिलं. एकाच गोळीला
दोन कामं असू शकतात, एवढं सांगायला
पाऊण तास लागला,
आणि त्या पाऊण तासाची बाहेर रांग झाली.

तिसऱ्या आठवड्यात नवे फोड नव्हते.
जुन्यांच्या जागी फिकट गोल, पाण्यात खडा पडावा तसे.
परत येणार नाहीत असं मी म्हटलं नाही.
वर्षं लागतील, म्हटलं; बहुतेकांचं थांबतं.
तिनं मान हलवली. दाराशी जाऊन वळली.
"त्ये पैलं लिवल्यालं खोडलासा काय?"

पान फाडता येत नाही.
नियम असा: एकच रेघ मारायची,
खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत,
शेजारी सही, तारीख.
मारली.
तिनं बोट ठेवून वाचलं,
रेघेखालचं सगळं, प्रश्नचिन्हापर्यंत.

सन्मती बटणं लावत होता, खालून वर.
एक काजं चुकलं, वरची सगळी चुकली.
त्यानं पाहिलं, आणि
पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतली.